ओसरीतलं मशीन

बाबा,

मी तुमच्याच कामावर आहे असं म्हटलं, तर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघत राहाल. तुम्ही गावोगावच्या चावड्यांमधले रेडिओ दुरुस्त करत फिरायचात. मी गेलं वर्षभर एका गावात कॉम्प्युटर शिकवायला जात होते. वरून बघितलं तर टायपिंगच्या मशीनसारखी कळांची पाटी आणि तिला जोडलेला टीव्हीसारखा पडदा, एवढंच दिसतं. कळा दाबल्या की पडद्यावर अक्षरं उमटतात, हिशेब होतात, चित्रं निघतात. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते आणि असलं यंत्र मीही फक्त फोटोत पाहिलं होतं. आता नागपुरात तंत्रनिकेतनात मी तेच शिकवते. आई गेल्यापासून घरात एकटीच असते. संध्याकाळी परत आल्यावर, आत कोणी नाही हे माहीत असूनही, कुलूप काढायच्या आधी माझा हात कडीकडे जातो आणि मी ती वाजवते. मग स्वतःवरच चिडते. आज शनिवार आहे, करण्यासारखं काही नाही, आणि जे सांगायचं आहे ते ऐकून घेईल असं माणूस शोधलं तर तुमच्याखेरीज कोणी आठवलं नाही.

पाचवीच्या सुट्टीत तुम्ही मला पहिल्यांदा दौऱ्यावर नेलंत, ते नरखेड तालुक्यातलं गाव मला अजून दिसतं. एसटीतून उतरून आपण संत्र्यांच्या बागांमधून चालतो आहोत. तुमच्या खांद्यावर पान्या-पकडींची पिशवी, माझ्या हातात भाकरीचं फडकं. चावडीत लाकडी पेटीत सरकारी रेडिओ आणि बाहेर उंच खांबावर त्याचा भोंगा. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागला की गाव चावडीपुढे जमायचं. पण भोंग्याचं तोंड वरच्या आळीकडे होतं, आणि आपली माणसं त्याच्या पाठीमागे कडुनिंबाखाली उभी राहून, डोक्यावरून निघून जाणारे शब्द पकडायचा प्रयत्न करत होती. बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन काही वर्षं झाली होती, तरी त्या चावडीची पायरी चढायला अजून कोणी धजत नव्हतं. तुम्ही पेटीतली बॅटरी बदललीत, खांबावर चढलात, नट ढिला केलात आणि भोंगा चांगला हातभर फिरवून पुन्हा घट्ट केलात. आता तो दोन्हीकडे बघत होता.

"काहून फिरवला गा भोंगा?" खालून सरपंच ओरडले.

"वारा इकून येऊन राहिला ना भाऊ. आवाज वाऱ्याच्या अंगानं सोडा लागते, नाही तं आतला पडदा फाटते," तुम्ही इतक्या गंभीरपणे सांगितलंत की सरपंचांनी हवेत बोट धरून वारा तपासला.

परतताना मी भर एसटीत म्हटलं, "बाबा, तुम्ही खोटं बोलले." तुम्ही माझा दंड असा धरलात की वळ उठले. "चूप राय. आपलं काम तोंडाचं नाही, पान्याचं हाय." पुढच्या दौऱ्याला भोंगा परत वरच्या आळीकडे वळलेला होता. तुम्ही तो परत फिरवलात. वर्षानुवर्षं हेच चाललं, त्यांनी वळवायचा आणि तुम्ही फिरवायचा, आणि दोन्ही बाजूंनी त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मला तेव्हा तुमचा राग यायचा. भांडत का नाहीत, असं वाटायचं. आईची शेगडी तर तुम्ही कायमची अडवलेली असायची. तिच्या निखाऱ्यात डाग द्यायची लोखंडी कावी तापत ठेवून, पाटावर बसून कुठल्या तरी गावच्या रेडिओची तार राळ लावून जोडत. "भाकरीले राळेचा वास येऊन राहिला, हे काय घर हाय का कारखाना?" असं ती म्हणायची आणि तरी तुमच्यासाठी निखारे राखून ठेवायची. तो वास आला की आजही मला भूक लागते.

तर माझं गाव. रामटेकच्या पुढे, देवलापारहून आत, सागाच्या जंगलात गोंड मुलामुलींची आश्रमशाळा आहे. तिथं एका सरकारी योजनेतून एक मशीन दिलं गेलं आणि दर शनिवारी जाऊन शिकवायला आमच्या साहेबांनी मला नेमलं. अट साधी होती. वर्षाच्या शेवटी शाळा माझ्याशिवाय, आपल्या हिमतीवर ते चालवत असेल तर मशीन तिथं राहणार, नाही तर नागपूरच्या एखाद्या शाळेत जाणार. नागपूरच्या शाळांना काय कमी होतं? मला ते तिथंच राहायला हवं होतं. त्या वर्षी मला दुसरं काहीच नको होतं, असं म्हटलं तरी चालेल.

पण पहिल्या शनिवारी बघते तर मशीन मुख्याध्यापकांच्या खोलीत, खिडक्या लावून, शालीखाली झाकलेलं. नारळ फोडून झाला होता आणि पडद्याच्या काचेवर कुंकवाची पाच बोटं होती. चपला बाहेर काढायच्या, मुलांनी रांगेनं यायचं, हात मागे बांधून उंबऱ्यातून बघायचं आणि जायचं. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. "मॅडम, नाजूक वस्तू हाय. पोरांचे हात मातीचे. काही झालं तं मी वर काय सांगू?" मी म्हटलं, सर, देवळात निदान प्रसाद तरी मिळतो. त्यांना ते आवडलं नाही. कित्येक शनिवार असेच गेले. बंद खोलीत, एका वेळी दोन मुलं, आणि मुख्याध्यापक दारात किल्ली वाजवत उभे.

त्यातच एकदा गंमत झाली. मी एक छोटा कार्यक्रम, म्हणजे मशीननं पाळायच्या सूचना, लिहून नेला होता. मशीन पडद्यावर नाव विचारायचं, आपण कळा दाबून नाव द्यायचं, मग ते आपल्याला नमस्कार करायचं. चौथीतल्या एका मुलीला बसवलं आणि म्हटलं, बघ, ते तुझं नाव विचारतंय. ती उठून उभी राहिली. हात जोडले आणि खणखणीत आवाजात पडद्याला आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं, आणि उत्तराची वाट बघत थांबली. पडदा गप्प. "बाई, याले आयकू नाही येत का?" तिनं हळूच विचारलं. तिच्यामागचा मुलगा म्हणाला, "जोरानं बोल ना वं!" तर ती किंचाळून बोलली. मुख्याध्यापकसुद्धा हसले. तुमच्या रेडिओला नाही का त्या म्हाताऱ्या बाया उलट विचारायच्या, पाऊस आमच्याकडे कधी म्हणून?

तिचा आजा बाजाराच्या दिवशी तिला भेटायला वसतिगृहात आला. बाजार शनिवारीच भरतो. तिनं त्याला ओढत खोलीच्या दाराशी आणलं. म्हातारा उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला, आधी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही किती देवाच्या?" गोंडांमध्ये ही रीत आहे, बाबा. नवं माणूस भेटलं की त्याचं कूळ किती देवांचं हे विचारायचं. देव सारखे निघाले तर तो भाऊ, वेगळे निघाले तर सोयरा होऊ शकतो. मी म्हटलं, "एकाही नाही, आजा. आमच्या माणसांनी देव सोडले." देव सोडल्याचं त्याला काही वाटलं नाही. त्याला वेगळीच काळजी पडली. "मंग तुमचा भाऊ कोण, सोयरा कोण, कसं समजते तुमाले?" मी हसून वेळ मारून नेली. भाऊ नाही, लग्न झालं नाही, आई गेली. कोण कोणाचं हे मला तरी कुठं समजलं आहे?

"अन् याचे किती देव?" त्यानं मशीनकडे बोट केलं. मी थट्टेनं म्हटलं, "याचे दोन. शून्य अन् एक. याला दोनच आकडे समजतात." म्हाताऱ्यानं ते थट्टेवारी नेलं नाही. बोटांवर कुळं मोजली आणि म्हणाला, "दोन देवाचं तं आमच्यात कोणीच नाही. म्हणजे हे परकं हाय." मग तो मुख्याध्यापकांकडे वळला. "गुरुजी, मंग परक्याले आतल्या खोलीत काहून कोंडलं? परका पाहुणा ओसरीत बसते. येणारा-जाणारा त्याले जोहार करते, इचारपूस करते, तवा तो आपला होते. आतल्या खोलीत तं आजारी माणसाले ठेवते." मुख्याध्यापकांनी धूळ, शेळ्या, पाऊस सगळं सांगून बघितलं. म्हातारा म्हणाला, "पाहुण्याच्या अंगावर शेळी जाऊ देते का कोणी?" मुख्याध्यापक किल्ली हातात फिरवत ओसरी न्याहाळू लागले. जाताना तो मला म्हणाला, "तुमाले देव नाहीत तं सध्या आमच्या सात देवांत बसा. हे पोरगी तुमची भाची." त्याच्यासाठी हा साधा बंदोबस्त होता, पंगतीत पान मांडावं तसा. मी मात्र एसटीच्या खिडकीशी तोंड करून देवलापार ते रामटेक रडत होते, आणि शेजारच्या बाईला धूळ गेली म्हणून सांगत होते. 'आमची' असं मला कोणी कितीतरी वर्षांत म्हटलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मशीन ओसरीत होतं. वर ताडपत्री, पुढे दोन बाकं आडवी, आणि राखणीला शिवणाच्या वर्गाची बाई. ती गोंडांतलीच, मोठ्या आवाजाची, तोंडात कायम टाचणी. तिला या यंत्राची भीती कधी वाटलीच नाही. "दोरा भरल्याबिगर मशीन चालते का? याचा दोरा कोनता, तेवढं सांगा," म्हणाली. मी कॅसेट दाखवली. कार्यक्रम त्या कॅसेटवरून मशीनमध्ये चढतो, आणि चढताना टेपरेकॉर्डरमधून अशी चिरचिर येते की कोणीही बंद करून टाकेल. ही ती चिरचिर कान देऊन ऐकायची आणि आवाजावरून सांगायची, "आता बिनसलं, मागं घ्या." माझं कधी चुकायचं, तिचं क्वचितच. बाजाराला आलेल्या बाया चारोळीच्या टोपल्या उतरवून बाकावर बसायच्या आणि पोरांकडून नाव लिहून घ्यायच्या. मशीन नमस्कार करायचं, त्या जोहार करायच्या. वीज गेली की सगळे तसेच बसून राहायचे, आली की आरडाओरडा. मुख्याध्यापक अधूनमधून येऊन, कोणी बघत नाही असं समजून, एका बोटानं स्वतःचं नाव लिहून जायचे. आणि मला सगळे विचारायचे. बाई, आता काय दाबू? बाई, इकडे या ना. बाई, जेवल्या का? शुक्रवारी संध्याकाळपासूनच मी पिशवी भरून ठेवायला लागले.

थंडीत मला कावीळ झाली. महिनाभर अंथरुणात होते, जाणं झालं नाही. मशीन बंद पडलं असेल, परत कुलपात गेलं असेल, या काळजीनं मी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीआधीच एसटीत बसले. ओसरी भरलेली होती. शिवणाची बाई पडद्याजवळ उभी राहून पाढ्यांचा खेळ चालवत होती. तो मी शिकवलेला नव्हता, तिनं आणि सातवीच्या मुलींनी जुळवून काढलेला. दोन म्हातारे आकडे ओरडत होते. मी बाकाच्या टोकाशी जाऊन उभी राहिले. कोणी वळलं नाही. पुढ्यात बसलेली एक मुलगी मागे न बघताच म्हणाली, "जरा सरका ना, उजेड अडवून राहिल्या." मी सरकले.

वर्षअखेरीचा अहवाल लिहायला एवढा पुरावा पुरेसा होता. शाळा मशीन स्वतः चालवते, माझी आवश्यकता नाही, असं मी लिहून दिलं. साहेब खूश झाले. मशीन तिथंच राहिलं, ओसरीत, सगळ्यांसाठी. मागितलं होतं ते मिळालं. माझे शनिवार मात्र बंद झाले.

तुमची शेवटची वर्षं आठवतात. घरोघर ट्रान्झिस्टर आले, चावडीतले रेडिओ मुके झाले, आणि तुमचे दौरे थांबवून तुम्हाला ऑफिसात टेबलाशी बसवलं. मी कॉलेजातून येऊन मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, "बाबा, आता भोंगा फिरवायची गरजच नाही. आपल्या वस्तीत प्रत्येकाकडे रेडिओ आहे. तुम्ही जिंकलात." तुम्ही म्हणालात, "हो, चांगलंच झालं." आणि पिशवीतले पाने एकेक काढून पुसत बसलात. मला वाटलं तुम्ही समाधानी आहात. तुम्हाला एकदाही विचारलं नाही.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. तुम्ही समोर असता तर लिहिलंही नसतं. पाटावर बसून, काम झालं, एवढंच म्हटलं असतं, आणि तुम्ही मान हलवली असती. तुम्ही नाही, म्हणून उरलेलं सांगते. काम झालं, चांगलंच झालं, बाबा. पण मले बरं नाही वाटलं. मले तिथं राहाचं होतं.