कोट तोच, बिल्ला वेगळा

९ मे २०१५, शनिवार
खाली ल्युदमिलाकडे चहा. घरमालकीण म्हणून नव्हे, मैत्रीण म्हणून बोलावलं. नवरा ओमानी, निम्मं आयुष्य इथे मस्कतमध्ये गेलं, पण आजच्या दिवशी, जर्मनीवरच्या विजयाच्या दिवशी, ती पुरती रशियन असते. टेबलावर तिच्या आईच्या वडिलांचा फोटो, पदकांसकट. जर्मनांशी लढताना गेले. मी म्हटलं, माझे वडील, अण्णा, तेही त्याच युद्धात होते. ती खूश. मग मी पुढचं सांगितलं. आफ्रिकेत जर्मनांनी पकडलं. तिकडे इंग्रजांशी लढायला हिंदी सैनिकांची फौज उभी राहिली, तीत गेले. जर्मनांच्या बाजूने. अभिमानाने सांगितलं. नेहमी तसंच सांगते.
तिने माझा अर्धा कप उचलून आत नेला. बाहेर आलीच नाही.
सुहास डोक्याला हात लावून, "आई, रशियन बाईला? आणि आजच?"
मी काय खोटं बोलले?

१७ मे
जिन्यात समोर आली. बोलली नाही. बरं. मलाही कामं आहेत.

५ जून
गाला भागातले गॅरेजवाले सावंत आले. १५ ऑगस्टला इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम. "माई, यंदा तुमीच बोलाक व्हया. स्वातंत्र्यसैनिकाचां चेडू आमच्यात आसा, मगे भायरचो माणूस कित्याक?" अण्णांची मुलगी म्हणून मान, हो म्हटलं.
जेवताना ईरा, "आजी, पणजोबा जर्मन्सबरोबर होते? ते तर बॅड गाइज ना?"
"ते देशासाठी लढले."
"मग युनिफॉर्म कुणाचा होता?"
म्हटलं, भात संपव.

१८ जुलै
ईदची सुट्टी. ल्यु. हलव्याची वाटी घेऊन वर आली. वाटी माझ्या हातात दिली आणि थेट माझ्या खोलीत, अण्णांच्या फोटोसमोर. चष्मा लावला. फोटोतल्या गणवेशाच्या बाहीवर वाघाचा बिल्ला आहे, त्यावर बोट ठेवलं.
"माझ्या बाबांच्या वडिलांचा कोटही हाच. बिल्ला फक्त वेगळा."
मी वाटी बाजूला ठेवून तिला खुर्ची दिली.
ते कोसॅक, रशियातल्या घोडेस्वार लढवय्यांपैकी. सोव्हिएत सरकारने घोडे नेले, धान्य नेलं, घरात दोन मुलं उपासमारीने गेली. मग जर्मन आले, त्यांनी घोडा दिला. गेले त्यांच्याबरोबर. पुढे परक्या मुलखात गावं जाळली. "त्यांनीच जाळली," ती दोनदा म्हणाली. शेवटी इंग्रजांना शरण गेले, इंग्रजांनी रशियाच्या ताब्यात दिलं. परत आले नाहीत. आजीने फोटोतलं तोंड कात्रीने कापून टाकलं. मुलांना सांगितलं, बेपत्ता.
जाताना म्हणाली, "तू मात्र हार घालतेस."
राग होता की हेवा, कळलं नाही.

१९ जुलै
आमचा देश गुलाम होता, तिच्या आजोबांचा नव्हता. फरक आहे. मोठा आहे.
पण ज्याची दोन मुलं उपाशी गेली त्याला हा फरक सांगायचा तर...
जर्मनांनी अण्णांची फौज पुढे फ्रान्सला नेली होती. फ्रान्सचं नाव निघालं की अण्णा उठून गोठ्यात जायचे. आई म्हणायची, थंडीने हाल झाले तिथे त्यांचे. थंडीनेच?
इतिहास घेऊन बी.ए. झाले. काही उपयोग नाही.

२ ऑगस्ट
भाषण लिहिलं, फाडलं. सुहासने सावंतांना सगळं सांगितलेलं दिसतंय. त्यांचा फोन, "पाच मिनटां, माई. जोरदार जाऊंदे. तां रशियन-बिशियन काढू नकात."
सुहासही तेच. "लोक सुट्टीच्या दिवशी येतात आई, त्यांना कशाला गोंधळात टाकतेस?"
मी एकटीच का गोंधळात राहू?
खाली गेले. ल्यु.ला विचारलं, त्या कोसॅक आजोबांचं नाव काय. सांगितलं तिने. म्हणाली, या घरात पहिल्यांदाच उच्चारलं. नाव इथे लिहीत नाही. तिचं आहे ते.

१५ ऑगस्ट
साडी नेसून तयार. भाषणं दोन झालीत, दोन्ही पर्समध्ये. एक सावंतांना आवडेल असं. दुसरं अर्धवट, फ्रान्सपाशी थांबलंय.
खिडकीतून पाहिलं तर ल्यु. आमच्या गाडीत, मागे ईराशेजारी. केस नीट विंचरलेले, पायात बंद बूट. ईरानेच बोलावलेलं दिसतंय.
मी वरूनच ओरडले, "तुला मराठी कळणार नाही!"
"ईरा सांगेल!"
ईराला मराठी अर्धीच येते. म्हणजे मी बोलेन ते आधी या पोरीला कळायला हवं, आणि मग तिने ते या बाईच्या तोंडावर सांगायला हवं. सावंतांसाठीचं भाषण पुन्हा वाचलं. त्यातलं एक वाक्य तरी ईरा तिला कसं सांगेल?
दुसरं अर्धवटच आहे.
सुहास हॉर्न वाजवतोय. "यल्ला, आई! चल लवकर!"