दोन चमचे

१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

स्वेटर पोचला. बाह्या माझ्या बोटांच्याही पुढे जातात. तुझी बहीण अजून वाढणार आहे असं तुला वाटत असेल तर तो भाबडेपणा सोड. टिल्ली ती टिल्लीच राहणार. मैत्रिणी म्हणाल्या, बाह्या दुमडून घे आणि ताईंना आमची मापं कळव.

आता वाईट बातमी, आणि ती अण्णांना सांगू नकोस. औषधाच्या गणिताच्या परीक्षेत मी नापास झाले. वीस गणितं होती, एकोणीस बरोबर आली. दुसऱ्या कुठल्याही परीक्षेत एकोणीस मिळाले असते तर मी तरंगत वसतिगृहात आले असते. इथे विसाला वीसच लागतात. एका ठिकाणी दशांशचिन्ह द्यायचं राहिलं, आणि अर्ध्या मिलिलिटरचे पाच मिलिलिटर झाले. आम्हाला नर्सिंग शिकवणाऱ्या सिस्टर रागावत नाहीत, तेच जड जातं. पेपर समोर ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, की विसातल्या कोणत्या पेशंटला हे द्यायचं ठरवलं होतंस.

गणित तसं पाचवीतलं. डॉक्टरांनी किती मिलिग्रॅम सांगितलंय ते बघायचं. बाटलीवर लिहिलेलं असतं, की इतक्या मिलिलिटरमध्ये इतके मिलिग्रॅम. हवं ते त्या मिलिग्रॅमने भागायचं आणि त्या मिलिलिटरने गुणायचं. संपलं. पण सिस्टर घड्याळ लावून उभ्या राहिल्या की मला माझं नावही लिहिता येत नाही. पुढच्या महिन्यात एक संधी आहे. तीही हुकली तर वर्ष गेलं.

अण्णा कसे आहेत? झटक्यानंतर ज्या फिट येत होत्या त्या पुन्हा नाहीत ना? गोळी अजूनही गिळता येत नाही का, की पातळ औषधच चालू आहे? सविस्तर लिही. तू नेहमी 'सगळं ठीक' लिहून मोकळी होतेस.

आहे ती माया आटू देऊ नकोस, नापास बहिणीला ती थोडी जास्त लागते.

तुझी,
टिल्ली


१९ जानेवारी

चि. टिल्लीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एकोणीस मिळवून रडणारी तूच. मला गणितात एकोणीस मिळाले होते ते शंभरातले, आणि अण्णांनी डेपोतल्या सगळ्या ड्रायव्हरांना ते सांगितलं होतं. तू पुन्हा बसशील आणि पास होशील. घड्याळाकडे बघायचं नाही, वहीकडे बघायचं.

सविस्तर हवंय तर घे. फिट एकही नाही. औषध मी एकदाही चुकवलेलं नाही, सकाळी दोन चमचे आणि संध्याकाळी दोन चमचे, दुकानातून यायला उशीर होणार असेल तर मालकांना सांगून मध्येच येऊन देऊन जाते. पण बाकी अण्णांचं काही खरं नाही. दिवसभर पेंगतात. उठले की पाय एकीकडे आणि धड दुसरीकडे. परवा जिन्यात तोल गेला, शेजारच्या काकूंनी धरलं म्हणून वाचले. बोलणंही जड झालंय, शब्द तोंडात घोळतात. काकू गमतीने म्हणाल्या, की तुमच्या अण्णांनी म्हातारपणी ढोसायला सुरुवात केली की काय. मी हसले, पण घरात येऊन मला ते लागलं.

नेहमीचे डॉक्टर मुलीकडे गेलेत. त्यांच्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरांनी दारातूनच बघितलं आणि म्हणाले वय झालंय, झटका येऊन गेलाय, असं व्हायचंच. मला एक वेगळीच शंका आली. अण्णा बाजूला बघतात तेव्हा बुबुळं थरथरतात. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं काढल्यावर एवढं तरी दिसतंच. म्हणून त्यांना दुकानात नेऊन नंबर तपासून घेतला. नंबर तोच आहे. मालकही कोड्यात पडले.

बरं, औषधावरून आठवलं. औषधवाल्याकडे नेहमीची बाटली संपली होती. त्याने त्याच नावाची दुसरी दिली, जरा मोठ्या खोक्यातली, म्हणाला ही जास्त चांगली, हल्ली हीच चालते. अण्णा म्हणतात चव बरी आहे. चला, एका तरी गोष्टीवर त्यांची तक्रार नाही.

जेवत जा वेळेवर. आमचा लोभ तुला ठाऊक आहे, त्याला पत्राची वाट बघायला लावू नकोस.

तुझी,
ताई


२२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी जे बोलले ते धड कळलं असेल की नाही कोण जाणे. मागे कोणीतरी गिऱ्हाईक अक्षरं वाचून दाखवत होतं आणि तू सारखी म्हणत होतीस, हळू बोल. म्हणून तेच परत लिहिते. हे पत्र पोचेपर्यंत तू अण्णांना घेऊन इस्पितळात गेलेली असशील. असशीलच.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत पायऱ्यांवर बसून वाचलं. काकूंच्या गमतीपर्यंत हसत होते. बुबुळांचं वाचलं आणि हसू गेलं, कारण हे सगळं एकत्र आम्हाला शिकवलंय. पेंग, झोकांड्या, जड जीभ, डोळ्यांची थरथर. फिटचं औषध अंगात जास्त झालं की असं होतं. मग नव्या बाटलीचं वाचलं. जुन्या बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये पन्नास मिलिग्रॅम होते, तो आकडा मला पाठ आहे, सुट्टीत मीच द्यायचे. एका वेळेला शंभर हवेत म्हणून पाचाचे दोन चमचे. हे औषध दुप्पट ताकदीचंही मिळतं. पाचातच शंभर. त्याचे दोन चमचे म्हणजे दोनशे.

मी दोनदा गणित केलं, तरी माझा माझ्यावर विश्वास बसेना. नापास झालेली मुलगी मी. मी तशीच सिस्टरांच्या खोलीत गेले. त्यांनी तुझं पत्र वाचलं आणि खुर्ची मागे सारून उठल्या. म्हणाल्या, तुझं गणित बरोबर आहे, चल फोन करू. ऑफिसातले बाबू म्हणाले खासगी फोन चालत नाही, तेव्हा सिस्टरांनी फोन स्वतःकडे ओढून घेतला. मी तुला खोक्यावरचं वाचायला घरी पाठवलं, तू परत येऊन 'पाचात शंभर' म्हणालीस, तेव्हा माझ्या हातातून रिसीव्हर त्यांनीच घेतला.

त्यांनी फोनवर सांगितलं तेच लिहिते: आजचं संध्याकाळचं औषध द्यायचं नाही. बाटली बरोबर न्यायची आणि डॉक्टरांच्या हातात द्यायची. पुढे ते सांगतील तसंच, आपल्या मनाने औषध बंदही करायचं नाही, नाहीतर फिट उलटतील.

ताई, मला कळवत राहा. एक ओळ लिहिलीस तरी चालेल.

तुझी,
टिल्ली


२८ जानेवारी

चि. टिल्लीस,
अनेक आशीर्वाद.

अण्णा घरी आले. रक्त तपासलं, औषध भरपूर जास्त निघालं. काही दिवस तिथेच ठेवून घेतलं, औषध थांबवलं, मग पुन्हा हळूहळू सुरू केलं. काल ते भिंतीला न धरता मोरीपर्यंत गेले. बोलणं स्वच्छ झालंय. आणखी काही दिवस असंच चाललं असतं तर शुद्ध हरपली असती, असं मोठे डॉक्टर म्हणाले. ते चांगल्या स्वभावाचे आहेत, मला काही बोलले नाहीत.

औषध आता काकू देतात. सकाळ-संध्याकाळ येतात. मी त्यांना विनंती केली.

तू माझी समजूत घालणारं पत्र लिहिणार हे मला माहीत आहे, ते लिहू नकोस. मी दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला बसवते, आणि माझ्या हातातल्या खोक्यावरची मी वाचली नाहीत. चुकवलं असतं एखाद दिवशी तर बरं झालं असतं. मी एकदाही चुकवलं नाही. मी आ करा म्हणायचे, ते आ करायचे. झोपलेले असले तर उठवून द्यायचे. आता चमचा हातात घेतला की तसाच परत ठेवून देते.

तुझ्या परीक्षेचं बघ. इकडची काळजी नको.

ताई


२ फेब्रुवारी

चि. टिल्लीस,
अ. उ. आ.

अक्षर वाकडं आहे, समजून घे. उजव्या हाताला स्टिअरिंग धरायची सवय, पेन धरायची नाही, आणि आता तो हातही अर्धाच ऐकतो. हे पत्र दोन बैठकींत लिहिलंय. ताई दुकानात आहे.

मी बरा आहे. तू मला वाचवलंस असं सगळे म्हणतात, त्यामुळे तू आता डोक्यावर बसणार. बस. नापास झाल्याचंही मला कळलं, ताईच्या तोंडून निसटलं. मी लायसन्सच्या वेळी दोनदा आपटलो होतो.

लिहायचं कारण वेगळं आहे. काकू बाई भली आहे, पण कुंडीत पाणी घालावं तसं औषध घालते. ते चालेल. पण तेवढा वेळ ताई स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहते. मी परवा म्हटलं, अगं चूक तुझी एकटीची आहे का, औषधवाल्याने सांगायला नको, तो पोरगेला डॉक्टर दारातून परत गेला त्याचं काय. तर म्हणाली, त्यांनी नाही भरवलं, अण्णा, मी भरवलं.

डेपोत कुणाच्या हातून गाडी ठोकली गेली की आमचे जुने हेड मेकॅनिक म्हणायचे, याला उद्याच गाडीवर बसवा, आठवडा घरी ठेवलात तर परत बसणार नाही. पण नुसतं बसवायचे नाहीत. आधी शेजारी बसून एक फेरी मारून आणायचे. मला तसं शेजारी बसता येत नाही, कारण गाडी मीच आहे. तुला येईल. तिची समजूत घालू नकोस, समजुतीचं तिच्या अंगाला काही लागत नाही. तिला ते गणित शिकव.

रविवारपासून मी काकूंपुढे औषधासाठी तोंड उघडणार नाही. त्याआधी पत्र पोचेल असं बघ.

तुझा बाप,
जो अजून तुमच्या दोघींच्या प्रेमावरच चालतो,
अण्णा


५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

समजूत घालत नाही. गणितं घालते.

बरोबर एक छोटी पिचकारी पाठवली आहे, बिनसुईची, तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा आहेत. चमचा मागे ठेव, घरचे चमचे कधीच सारखे नसतात. सोबत तीन गणितं आहेत. पहिल्यात जुनी बाटली, दुसऱ्यात नवी. तिसऱ्यात तू कधी न पाहिलेली बाटली आहे, कारण औषधवाला पुन्हा काहीतरी वेगळं देईल. हवे किती, बाटलीत किती, ते कितीत. मग भागाकार आणि गुणाकार. उत्तरं मला पाठव, मी लाल शाईने तपासणार आहे, ही संधी मी सोडणार नाही.

एक सांगते, आणि ही समजूत नव्हे, वॉर्डाचा नियम आहे. तसलं जोखमीचं औषध इथे एकटी नर्स देत नाही. एक काढते, दुसरी बघते, आणि दुसरीने स्वतः गणित केल्याशिवाय पहिलीने हात पुढे करायचा नाही. वीस वर्षं काढलेल्या सिस्टरही तसंच करतात. मी विचारलं त्यांना, इतक्या वर्षांनी कशाला. तर म्हणाल्या, इतकी वर्षं झाली म्हणूनच. स्वयंपाकघरात तू एकटी होतीस, ताई. काढणारीही तूच आणि बघणारीही तूच. आता नाही. बाटली बदलली की आकडे मला कळव. दुसरी मी. आणि समोर अण्णा आहेत, त्यांना भागाकार येतो, त्यांनाही विचारायला लाव.

माझी परीक्षा गुरुवारी आहे. घड्याळ लावून सराव चाललाय. पण मागच्यासारखा नाही. मागच्या वेळी ते आकडे कुणाचेच नव्हते.

अंतर कितीही असो, माया तसूभर कमी न व्हावी.

तुझी,
टिल्ली


१६ फेब्रुवारी

चि. टिल्लीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा फोन मालकांनी घेतला. मी मागे काचा पुसत होते. वीसपैकी वीस हे त्यांनी मला सांगायच्या आधी खुर्चीवर बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, आणि त्या बिचाऱ्याला वाटलं त्याचाच नंबर सांगतायत. तो घाबरून उठायला लागला. मी खूप दिवसांनी हसले.

गणितांची उत्तरं पाठवते. पहिलं दहा, दुसरं पाच. तिसरं मी चार लिहिलं होतं, मग परत केलं तर आठ आलं, मग परत आठच आलं. आठ ठेवलंय. चुकलं असेल तर सरळ सांग.

औषधवाल्याकडे गेले होते. भांडायचं ठरवून गेले, पण तिथे पोचल्यावर भांडता येईना. त्याला सगळं सांगितलं. तो गडबडला, म्हणाला नाव तेच होतं. मी म्हटलं, मलाही तसंच वाटलं. आता ताकद बदलली की तो खोक्यावर जाड पेनाने मोठा आकडा घालतो आणि गिऱ्हाइकाकडून वाचून घेतो. मी काल उभी राहून पाहिलं.

अण्णांनी रविवारपासून काकूंना तोंड उघडून दिलंच नाही. काकू रुसल्या. पण फिटच्या औषधाला खंड पडून कसं चालेल? मग मीच पिचकारी घेतली. आकडे पेनाने कागदावर मांडले, तुझ्या पद्धतीने, आणि औषध काढलं. त्यांच्यासमोर गेले तर म्हणाले, किती? मी म्हटलं पाच. म्हणाले, कशावरून? मी गणित सांगितलं. त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा चढवला, आणि बोटाने एकेक आकड्यावरून जात ते स्वतः केलं. त्यांना किती वेळ लागला म्हणून सांगू. मी पिचकारी धरून उभी. त्यांनी घाई केली नाही.

मग कागद बाजूला ठेवला, पाच बरोबर आहे म्हणाले, आणि मी आ करा म्हणायच्या आधीच तोंड उघडलं.

त्यानंतर मी बाहेर जाऊन कपडे वाळत घातले. संध्याकाळचंही मीच दिलं. आणि तेव्हापासून रोज, आज सकाळीही.

वॉर्डातल्या औषधांच्या ट्रॉलीला हात लावलास की कसं वाटलं ते लिही. इथे दोघं वाट बघतायत, तुला आठवण राहावी इतकं पुरे.

तुझी,
ताई