खांद्यावरचा खळगा

मामंजी,

तिकडे सगळे बरे आहात ना? सासूबाईंचे गुडघे आता कुरकुरत नसतील. आत्याबाईंचा दमा थांबला असेल. हेही तुमच्याकडे येऊन बरीच वर्षं झाली, दर घासाला ठसका लागायची यांची सवय गेली का? आणि तुमचे डोळे कसे आहेत? इकडे हल्ली सकाळी मोतीबिंदू काढून माणसं संध्याकाळी घरी कॉफी पितात. तुमच्या वेळी तशी सोय असती, तर मी तुमच्या टेबलाशी कधी बसलेच नसते.

नागपूरहून सून म्हणून मद्रासला आले तेव्हा तुमची तंजावरी मराठी मला निम्मी कळायची. तुम्ही नोकरीतून मोकळे झालेले. अड्यारच्या घराच्या मागच्या व्हरांड्यात बसून, नेमबाजी क्लबच्या परवान्यावर, रायफलीची काडतुसं पुन्हा भरायचात. नवी विलायती काडतुसं मिळणं अवघड झालेलं. झाडलेल्या काडतुसाची पितळी केस, म्हणजे रिकामं नळकांडं, पोलादी साच्यात दाबून मापात आणायची, मग तिच्यात दारू आणि गोळी. तुम्हाला बोटांनी कळायचं, पण बारीक चीर दिसायची नाही. म्हणून प्रत्येक केस उजेडात धरून बघायला मी.

आणि एकदा साच्यातून निघणारी केस खळगा घेऊन यायला लागली. केस वर जिथे निमुळती होते, त्या खांद्यावर कुणी अंगठा रुतवावा तसा. क्लबचे सेक्रेटरी येऊन बघून गेले. "अशी एक जरी केस रविवारच्या स्पर्धेत दिसली, तर हे काम बंद करू," म्हणाले. त्या दिवशी तुम्ही दुसऱ्यांदा भात घेतला नाहीत, हे सासूबाईंनी मला डोळ्यांनीच दाखवलं.

"पितळ जुनं झालं असेल," मी म्हटलं.

"जुनं पितळ चिरतं गे, खड्डा कशाला पडेल?"

"मग रायफलच बिघडली असेल."

"अय्यो! रायफलीत घालायच्या आधीच खड्डा आहे की. सुम्मा काहीतरी बोलू नको. एक वस्तू बदल, बाकी तसंच ठेव, मग बघ."

आपण केसा बदलल्या. खळगा तसाच. साचा घासून पुसला. पहिल्या केसा चांगल्या निघाल्या, तुम्ही हसलात, आणि मग पुन्हा खळगा. तेच मला सुटेना. पुसल्यावर बरं आणि थोड्या वेळाने वाईट, असं का? केस साच्यात अडकू नये म्हणून तुम्ही तिला एरंडेल लावायचात, तेही सढळ हाताने. सासूबाई आतून म्हणायच्या, "शनिवारचं अभ्यंग तुमच्या काडतुसांनाही का?"

दुसऱ्या दिवशी मी खव्याचे मोदक करत होते. साच्याला तूप जरा जास्त लागलं आणि मोदकाच्या अंगावर खळगा पडला. तूप कोपऱ्यात साठलं, दाबल्यावर त्याला जायला वाट नव्हती, म्हणून खव्यानेच माघार घेतली. मी खव्याच्या हातांनीच व्हरांड्यात आले. "मामंजी, तेल! तेल साठतंय साच्यात!"

"स्वयंपाकघर इथे आणू नको," तुम्ही म्हणालात. पण लगेच, "बस. का म्हणतेस ते सांग." सगळं ऐकून घेतलंत. साचा कोरडा केला, केसेच्या अंगाला बोटाने पुसट तेल लावलं, खांद्याला अजिबात नाही. केस निघाली ती गुळगुळीत. रविवार पार पडला, काम चालू राहिलं, आणि सोमवारी तुम्ही दोनदा भात मागून घेतलात.

मग एका खळग्याच्या केसेला घासून लखलखीत केलंत, लाकडात बसवलंत आणि माझ्या देवापुढे उदबत्तीला ठेवलंत. सासूबाई ओरडल्या, "देवासमोर काडतूस?" तुम्ही म्हणालात, "काडतूस नव्हे, केस."

ती अजून आहे. पण एक गोष्ट मनातून जात नाही. मी धावत आले तेव्हा तुमच्या हातात फडकं होतं, आणि ते फडकं तेलाने ओलं होतं. तुमच्या बोटांना तेल आधीच कळलं होतं का? की सहज पुसत होतात? तेव्हा विचारलं नाही, कारण 'ठाऊक होतं गे' म्हणाला असतात, तर त्या केसेत उदबत्ती लावताना मला एवढी ऐट वाटली नसती. आता ऐट पुरेशी करून झाली. हे पत्र त्या केसेच्याच खाली ठेवते आहे. काय ते खरं सांगा, आणि लवकर लिहा.