कमोड बसेपर्यंत घर विकू नकोस

माझ्या लाडक्या पलीकडचीस,

अनेक नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळे. (डावा जास्त दुखतो की उजवा, हे माझ्या लक्षात राहत नाही, म्हणून दोघांनाही सारखेच.) इकडे सगळं खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तसं ते अजिबात नाही, आणि का नाही हेच सांगायला हे पत्र. फोनच केला असता, पण तुझी सून गुणाची पोर. तुला नीट ऐकू यावं म्हणून ती स्पीकर लावते, आणि मग मी इथून एक वाक्य बोलले की तिकडे चार जण हसतात. मला चारचौघांत तुझ्याशी बोलता येत नाही. आपल्याला ती सवयच नाही.

तर तुझा निरोप पोचला. घर विकायचं ठरलं, मुलाचंही तेच म्हणणं आहे, किल्ली माझ्याकडे आहेच, कोणी बघायला आलं तर दाखवायचं. बरं. घर तुझं, मुलगा तुझा, निर्णय तुझा. त्यात मी एक अक्षर बोलणार नाही. (मी कोण बोलणार? शेजारी राहून आयुष्य काढलं म्हणून शेजार काही कोणाच्या नावावर होत नाही.) हे पत्र फक्त आमच्या कमोडबद्दल आहे, एवढं आधीच सांगून ठेवते. नाहीतर तू म्हणशील, ही ताकाला जाऊन भांडं लपवतेय.

आमच्या कमोडला तडा गेला. कसा गेला, यावर घरात दोन मतं आहेत. ह्यांचं म्हणणं, तो जुना झाला होता. माझं म्हणणं, त्याच्यावर उभं राहून बल्ब बदलू नये. प्लंबरला फोन केला तर तो म्हणाला, निघालोच, आणि आलाच नाही. मग हे म्हणाले की एवढ्याशा कामाला माणूस कशाला, मी बसवतो. तुला ठाऊकच आहे, ह्यांनी जन्मभर वजनंमापं तपासायची नोकरी केली. ह्यांना लांबून येताना बघूनच दुकानदार तराजू पुसायला लागायचे. असा माणूस मोबाइलवर कमोड बसवायचे व्हिडिओ बघायला लागला की त्याला आवरणं अवघड. जेवतानाही तेच चालू. समोर ताट, आणि मोबाइलमधला माणूस कमोडच्या पोटात हात घालून काय काय काढतोय! मग टेप निघाली. आमच्या संडासाची लांबी मोजली, रुंदी मोजली, दार कितपत उघडतं ते मोजलं, आणि बसल्यावर गुडघे कुठवर येतात हे कळावं म्हणून मला आत स्टुलावर बसवून माझेही गुडघे मोजले. मी मुकाट्याने बसले. म्हटलं, निदान नोकरी सुटल्यापासून पहिल्यांदाच माणूस खूश दिसतोय.

जुना कमोड फोडायचा समारंभ बघायला तू हवी होतीस. नोकरीत ज्यांना ज्यांना सोडून द्यावं लागलं, त्या सगळ्या दुकानदारांच्या नावाने ह्यांनी हातोडा घातला. तुकडे पार स्वयंपाकघरात आले. एक तर पिठाच्या डब्यामागे काल सापडला. मग नवा आला. पांढराशुभ्र, देखणा. उचलून जागेवर ठेवला, आणि हे त्याच्याभोवती एक फेरी मारून आले, मग उलटी फेरी मारली, मग दाराशी उभं राहून हनुवटी खाजवू लागले. झालं होतं असं, की आपल्या दोन्ही घरांतली घाण जाते ती भिंतीतल्या पाइपातून. म्हणजे कमोडचं तोंड मागे हवं. आणलेल्याचं तोंड खाली, फरशीकडे. सगळी मापं घेतली आणि तोंड बघायचं राहिलं! (मी विचारलं, आपलं लग्न ठरवतानाही असंच झालं होतं का? त्यावर हे टेप गुंडाळायला लागले.)

शहाणा माणूस तिथे थांबला असता. ह्यांनी मात्र तोंड खाली असलं तर ते वळवता येतं असा शोध लावला, पाइपाचे तुकडे जोडून एक वळण तयार केलं, त्याला भरपूर पांढरं सिमेंट थापलं, आणि मला बोलावून, ऐटीत, बादलीभर पाणी ओतलं. पाणी गेलं. भिंतीतला पाइप सोडून सगळीकडे गेलं. माझ्या चपला बाहेरच्या खोलीतून तरंगत उंबऱ्यापर्यंत पोचल्या. सिमेंट लागलेला माल दुकानदार परत घेईना, म्हणून तो कमोड आता आमच्या बाहेरच्या खोलीत आहे, वर चादर टाकून. दूधवाला त्याला स्टूल समजून टेकला आणि चादर सरकल्यावर दूध न मापताच ओतून पळाला. हे मात्र दुपारचा पेपर त्याच्यावरच बसून वाचतात. म्हणतात, पाठीला बरं वाटतं.

आता तू विचारशील, मग तुम्ही जाता कुठे? अगं, तुझ्याकडे! दुसरीकडे कुठे जाणार?

खरं सांगू का, तुझं सामान गेल्यापासून मी आत पाऊल टाकलं नव्हतं. दारं-खिडक्या उघडायला, झाडून घ्यायला ह्यांनाच पाठवायचे, काहीतरी कारण काढून. पण निसर्गापुढे कोणाचं चालतं? पहिल्या दिवशी ठरवूनच गेले होते, की इकडेतिकडे बघायचं नाही, काम उरकायचं आणि यायचं. कसलं काय. ओट्यावर तुझ्या कुकरने पाडलेलं गोल वर्तुळ तसंच आहे. मागच्या खोलीत कपाट होतं तेवढा भिंतीचा रंग अजून ताजा आहे. आणि तुझ्या संडासाचा नळ अजून उलटाच फिरतो. बंद करायला गेले आणि अंगावर पाणी घेतलं. तशीच ओली बसून राहिले आणि वर बघितलं तर ती खिडकी.

ती खिडकी, पलीकडचे! तुझी तिकडे, आमची इकडे, मधे पाइपांपुरती हातभर जागा. आपल्याला बोलायला दुसरी जागा तरी कुठे होती? तुझ्या घरात सासरे, दीर, जावा. माझ्या घरात सासूबाई, नणंदा, आणि हे. गच्चीत गेलं तर कोणीतरी वाळवणाच्या निमित्ताने यायचं, दारात उभं राहिलं तर दोन्ही घरांचे कान दारात. तिथे मात्र माणसाच्या मागे माणूस येत नाही. बादलीवर मगाने टकटक केली की दुसरीने यायचं. तुझी नोकरी आपण तिथेच ठरवली. सासऱ्यांना काय सांगायचं त्याची तालीमसुद्धा तिथेच झाली. मी सासरे झाले होते, आणि इतकी तापले की तू म्हणालीस, अगं, ते तुझ्यापेक्षा बरे आहेत. माझ्या धाकटीने परस्पर लग्न ठरवलंय हे ह्यांच्याआधी तुला कळलं. आणि भाऊजी गेले त्या दिवशी. बाहेर तू येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत होतीस, उलट त्यांनाच धीर देत होतीस, सगळे म्हणत होते, केवढी खंबीर बाई. मग बादलीवर टकटक झाली. मी आले. तू रडलीस, आणि कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी इकडे नळ सोडून ठेवला.

इतकी वर्षं मी आमच्याच बाजूला बसले. तुझ्या बाजूने आमची खिडकी कशी दिसते, हे आत्ता बघितलं. किती कळकट काच आहे गं ती! कधी म्हणून बोलली नाहीस. कशाला लपवू, मला तुझी फार आठवण येते. इथे बोलायला माणसं आहेत, नाही असं नाही, पण त्यांच्याशी बोलायचं म्हणजे आधी सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. तर सवयीने मी म्हटलं, आहेस का गं? आणि आमच्या खिडकीतून आवाज आला, "आहे. छिन्नी सापडत नाहीये."

हे! गुडघ्यांवर बसून सिमेंट खरवडत होते. मग थोड्या वेळाने तिकडूनच प्रश्न आला, तिची आठवण येते का? बघ, इतक्या वर्षांच्या संसारात समोरासमोर बसून ह्यांनी मला असलं काही विचारलेलं नाही. समोर असले की वीजबिल भरलं का, एवढंच. मी हो म्हटलं. तर म्हणाले, येणारच, तुम्ही बोलायचात किती! मी सावध झाले. म्हटलं, तुम्हाला काय माहीत? तेव्हा कळलं. अगं, आपलं सगळं बोलणं पाइपातून आमच्या मागच्या खोलीत जसंच्या तसं ऐकू यायचं! सगळं? सगळं. मी ह्यांच्या घोरण्याची नक्कल करायचे, तीही? तीही. आणि सासूबाई? त्या तर म्हणे खुर्ची ओढून घेऊन बसायच्या. आणि मधेच कोणी संडासाकडे निघालं तर त्याला अडवायच्या, थांब जरा, तिचं अजून व्हायचंय. जन्मभर त्यांना मी काय काय बोलले, आणि त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. मला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून दोन्ही केलं.

आता तुझ्या घराचं. (मी बोलणार नव्हते, पण तूच दाखवायला सांगितलंस, तेव्हा वृत्तांत देणं माझं कामच आहे.) एक नवराबायको बघायला आले. मी सगळं घर नीट दाखवलं. पाणी कसं कमी दाबाने येतं ते सांगितलं, दुपारी मागची खोली कशी तापते ते सांगितलं, मुंग्यांबद्दलही थोडं बोलले. ती बाई भली आहे, तीच तर पंचाईत आहे. सगळ्याला, चालेल हो, चालेल हो. मग ती संडासाच्या दाराशी गेली. मी म्हटलं, ते दार जरा अडकतं. तेवढ्यात आतून खोकला. घरात कोणी राहतं का, असं तिने घाबरून विचारलं. मी काय सांगणार? म्हटलं, राहत नाही, बसलेत. हे बाहेर आले, काखेत पेपर, दोघांना नमस्कार केला आणि म्हणाले, पाण्याचा दाब उत्तम आहे! वर मागची खोली कशी गार राहते तेही सांगितलं. मी इतका वेळ रचलेलं सगळं माणसाने एका नमस्कारात पाडलं. आणि जाता जाता ती बाई त्या खिडकीकडे बोट दाखवून नवऱ्याला म्हणाली, ही मात्र बुजवून टाकू, इथून आवाज येत असेल. माझ्या तोंडावर आलं होतं, अगं बाई, आवाज यावा म्हणूनच ती आहे. पण गिळलं.

तर मुद्दा एवढाच. आमचा कमोड अजून बसलेला नाही. मागे तोंड असलेला दुकानदाराने मागवलाय, तो येईल तेव्हा येईल, आणि ह्यांचा कामाचा उरक तुला माहीत आहे. तोवर तू घर विकलंस तर आम्ही या वयात जायचं कुठे? निदान आमची सोय होईपर्यंत थांब. मैत्रीखातर म्हणत नाही, अडचण म्हणून म्हणते.

गुडघे शेकत जा. सुनेला आशीर्वाद, नातवाच्या दोन्ही गालांचे पापे. तिकडच्या तुझ्या बाथरूमला खिडकी नाही, नुसता पंखा आहे, असं तू एकदा म्हणाली होतीस. ते मला अजिबात आवडलेलं नाही.

तुझीच,
अलीकडची

ता. क. त्या नवराबायकोचा फोन आला होता. घर पसंत आहे म्हणाले. मी सांगितलं, मालकीणबाई प्रवासात आहेत. आता तुला न कळवणं बरं नव्हे म्हणून कळवते. त्यांचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय, जरा पुसट आलाय. पेन संपत आलं होतं.

आणखी एक. पाकिटावर पत्ता ह्यांनाच घालायला सांगते, माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही.

ता. क. वहिनी, नमस्कार. पत्ता घालताना पत्र वाचलं, त्याबद्दल माफी असावी. तपासल्याशिवाय पुढे पाठवायची मला सवय नाही. वरच्या मजकुरात एक चूक आहे, ती दुरुस्त करतो. दुसरा कमोड केव्हाच आला आणि बसलाही. मीच बसवला, एक थेंब गळत नाही. ही तो वापरत नाही. रोज किल्ली घेऊन तुमच्याकडेच जाते. मग मी इकडे आमच्या बाजूला जाऊन बसतो, म्हणजे तिला बोलायला कोणीतरी असावं. पण मी "हं" म्हटलं की ती गप्प होते. तुम्ही "हं" म्हणायचात तेव्हा ती बोलत सुटायची. घराचं काय करायचं ते करा. पण आधी या.