आईचा फोल्डर

४ ऑक्टोबर
एकदाची खोली मिळाली, तीही सारसोळ्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. घरमालकीण चंद्राबाई मासळी विकतात. माझी बॅग उघडायच्या आत त्यांनी वर येऊन विचारलं, जेवलीस का गो? आणि कोलंबीचं कालवण ठेवून गेल्या. माझी चैनच आहे. खोली त्यांच्या मुलाची, कुंदनची. गेल्या वर्षी तो खाडीत बुडाला. त्याचा कॉम्प्युटर अजून टेबलावर आहे.

७ ऑक्टोबर
मी कॉम्प्युटरचंच काम करते कळल्यावर बाईंनी भीत भीत विचारलं, यातला पोराचा आवाज काढून देशील का? कुंदन आईसाठी रोज निरोप रेकॉर्ड करून ठेवायचा. लिनक्स मशीन, डिस्क कुरकुरतेय. नव्या डिस्कवर नक्कल लावली. भलतंसलतं येऊ नये म्हणून 'या एकाच फाइलसिस्टिमपुरती', म्हणजे या एका डिस्कपुरतीच, असं बजावून. संध्याकाळी 'आई' नावाचा फोल्डर जागेवर दिसला. झालं म्हणाले. बाई माझा हात धरून रडल्या.

९ ऑक्टोबर
कुंदनचं वर्षश्राद्ध. या घरची रीत अशी की वर्ष भरलं की गेलेल्याच्या वस्तू खाडीला द्यायच्या. मशीन देऊ का, असं बाईंनी मला विचारलं. मीच म्हणाले, खुशाल द्या. होडीतून नेऊन सोडलं.

दुपारी माझ्या लॅपटॉपवर नकलेतला फोल्डर उघडला. रिकामा. 'आई' हे नुसतं दार होतं. आतलं सगळं त्याच मशीनमधल्या दुसऱ्या छोट्या डिस्कवर होतं. नक्कल उंबऱ्यापर्यंत जाऊन परत फिरली. त्या माउलीचा मुलगा मी दुसऱ्यांदा बुडवला. सांगायची हिंमत झाली नाही.

१० ऑक्टोबर
फोल्डरमध्ये एक फाइल आहे. तारीख आजची. पाण्याचा आवाज, मग पोरगा विचारतो, आये, जेवलीस का?

११ ऑक्टोबर
आणखी एक. आवाज जवळून. बाईंनी जिन्यातून ऐकला, मला तोंड भरून आशीर्वाद दिले. मला राहवलं नाही, खरं सांगून टाकलं — फोल्डर रिकामा होता, हे मी आणलेलं नाही. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मंग तोच बोलतंय. माजा पोर उपाशी हाय. आणि डबा भरायला लागल्या.

१२ ऑक्टोबर
बाई नाहीत. डबाही नाही. सगळे खाडीवर शोधतायत —

नवी फाइल. आये, जेवलीस का? आणि मग — हव रं पोरा — बाईंचा आवाज. हसतायत. इतक्या सुखात — मला रडू आवरत नाही —

फाइल संपत नाही. जिन्यात पाणी. कालवणाचा वास. त्या आता मला विचारतायत, जेवलीस का गो — कालपासून पोटात कण नाही — तोंडातून निघून गेलं, नाही, अजून जेव—