अनुयाची टाच

कात्रप, बदलापूर

प्रिय स्वप्नाली,

अंबरनाथला माहेरी गेलीस तरी रोज फोन होतोच, मग सासऱ्याने पत्र कशाला लिहिलं, असं वाटेल. फोनवर मी जरा गंभीर झालो की तू "राहू द्या हो आबा" म्हणून विषय बदलतेस. कागदाला तसं गप्प करता येत नाही. म्हणून आमच्या सुयोगच्या हाती हे देतोय.

तू आणि अनुया नसलात की घर खायला उठतं. इवल्याशा जिवाला मधुमेह, हे ऐकून आम्ही हातपाय गाळून बसलो होतो. बाळाला न्हाऊमाखू घालणं ठाऊक, पण टाचेला टोचून साखर मोजायची आणि जरासं इन्सुलिन द्यायचं, हे आमच्या बापजन्मी कुणी पाहिलं नव्हतं. तू डोळे पुसलेस आणि शिकून घेतलंस. शेजारचा दिपेश शहाणपण पाजळायला आला, "वहिनी, रोज रोज कशाला टोचता? ती तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी टेस्ट करा ना, एकदम कळतं सगळं." तू शांतपणे समजावलंस, की एवढ्याशा बाळाच्या रक्तात अजून पोटात असतानाचंच हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे ती टेस्ट फसवते. बिचारा चहा न पिताच गेला. मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

आणि तो लाडवांचा दिवस! तुझ्यासाठी तुझी सासू, आमची कौसा, डिंकाचे लाडू वळत होती. अनुया रडली तशी सगळं टाकून धावली आणि तू पुसून ठेवलेली टाच तिने घट्ट धरली. मशीनवर आकडा असा चढला की सुयोगने लगेच इन्सुलिन हातात घेतलं. तू त्याला अडवलंस. "आई, हात बघू तुमचे," एवढंच म्हणालीस. बोटांना गूळ! टाच धुतलीस, कोरडी केलीस, पुन्हा टोचलंस, तर साखर रोजच्यासारखीच. त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन दिलं असतं तर साखर एकदम उतरून पोर हाती लागली नसती. कौसाने लाडवांची परात दूर सारली. तू तिला जवळ घेतलंस आणि तिच्याच हातचा लाडू खाल्लास. पोरी, तेव्हा मी मनातल्या मनात तुला हात जोडले.

आता मुद्द्याचं. सुयोग म्हणाला, तू राजीनामा लिहून ठेवलायस. ज्या आनंदनगर एमआयडीसीत मी जन्मभर बॉयलरपुढे उभा राहिलो, तिथेच माझी सून लॅबमध्ये काम करते, हे सांगून सांगून मी कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांना वीट आणलाय. तुझी रजा संपतेय आणि दिवसा टोचायला घरात दुसरं कुणी नाही, एवढंच कारण ना? रक्त दिसलं की मला भोवळ येते, दवाखान्यात नर्सबाईंनी मला बाकावर आडवं केलं होतं, सगळं कबूल. पण रविवारी ये आणि तुझ्यासमोर अनुयाची टाच मला टोचू दे. तू कामावर असताना आकडा मी फोनवर सांगेन, डोस तू सांगायचास. हात थरथरला तर राजीनामा खुशाल दे. तू गेल्यापासून मी तसलंच मशीन आणून रोज स्वतःचीच बोटं टोचतोय, हात धुऊन, हो! सुरुवातीला, मी पडलो तर म्हणून, कौसा मागे उशी घेऊन उभी राहायची. परवा तिने ती उशी पलंगावर परत ठेवली.

तुझाच,
आबा