बेटम्याच्या शोकेसमधली गुराब

मी, शलाका श्रीपाद कानडे, वय एकतीस, पोलोग्राउंडमधील पंपांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणी अधिकारी, राहणार राजेंद्र नगर, इंदूर, हे माझे पहिले मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. माझे डोके ठिकाणावर आहे आणि हात स्थिर आहे. हाताबद्दल शंका असल्यास कलम ३ मधील वस्तू भिंगातून पाहाव्यात.

लिहिण्याचे कारण असे, की या महिन्याच्या चोवीस तारखेला माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. दुरुस्त करायची की बदलायची, यावर डॉक्टरांची बरीच चर्चा झाली. झडपा मी रोज तपासते. मी म्हटले, बदला. सगळे बहुधा नीट होईल. तरीही नवे यंत्र सुरू करण्यापूर्वी ते बंद कसे करायचे हे मी नेहमी लिहून ठेवते.

१. राहते घर बाबांच्या नावावर आहे. त्यावर माझा काही दावा नाही. मात्र मागची बाल्कनी बंद करून मी तिथे माझ्या छोट्या जहाजांचा कारखाना केला आहे. तो रिकामा झाला तरी आईने तिथे लोणच्याच्या बरण्या ठेवू नयेत. पितळेला खारट हवा सोसत नाही. समुद्रावरच्या जहाजांबद्दल हे लिहिणे विनोदी वाटेल, पण तसेच आहे.

२. बँकेतील शिल्लक आणि भविष्य निर्वाह निधी आई, सौ. प्रमोदिनी, हिला मिळावा. तिने तो स्वतःवर खर्च करावा. माझा भाऊ नचिकेत याच्या नव्या गाडीवर नाही. नचिकेतने हे वाचून हसावे आणि विषय सोडून द्यावा.

३. जहाजे. इंदूरला समुद्र नाही, हे आमच्याकडे चहाला आलेल्या प्रत्येकाने मला सांगितले आहे. मला ठाऊक होते. कारखान्यातील टर्नर उदयसिंह चौहान अजून विचारतात, "मॅडमजी, यात पानी कब भरणार?" कोकणी मचवा बाबांना द्यावा, त्याची शिडे त्यांनी स्वतः शिवली आहेत. दुमजली आगबोट नचिकेतला द्यावी. त्याने ती मुलांच्या हातात जरूर द्यावी. माझ्या जहाजावर जे खऱ्या जहाजावर हलते ते हलते. कप्पीतून दोरी सरकते, नांगर खाली सुटतो आणि वर ओढला जातो. तांदळाच्या दाण्याहून लहान बिजागरी मी कापून, वाकवून, वितळवलेल्या चांदीच्या डागाने जोडते. विकत आणलेला एकही भाग मी आजवर लावलेला नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. तपासून घ्यावे.

४. गुराब. मराठा आरमारातील या जातीच्या जहाजाचा नकाशा मला कुठेच मिळाला नाही. जुन्या चित्रांतल्या माणसांच्या उंचीवरून मी जहाजाची मापे काढली. पुढे झुकलेली नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, आणि नाळेवर समोर तोंड करून दोन तोफा. तोफा पितळेच्या, लेथवर कातलेल्या, आतून पोकळ. माझ्या हातून झालेले हे सर्वोत्तम काम आहे.

ही गुराब माझ्याकडे नाही. सहा वर्षांपूर्वी बेबीआत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, तिच्या मुलीच्या, संहिताच्या, लग्नाआधी आली आणि म्हणाली, "अगं, दोन दिवस दे फक्त. नुसती तोरणं अन् मोत्यांचे कलश आजकाल कोण बघतं? रुखवतात काही हटके हवं." मी दिली. मंडपात गुराब मधोमध मांडली होती आणि पुढे कार्ड होते: "चि. सौ. कां. संहिता हिने स्वहस्ते बनवलेले जहाज." फोटोवाल्याने मला बाजूला व्हायला सांगितले, कारण माझी सावली जहाजावर पडत होती. मी आत्याला विचारले. ती म्हणाली, "घरातच राहिलं ना ते? तुझं काय, तू दुसरं करशील." दोन दिवसांनी गुराब संहिताबरोबर बेटम्याला, तिच्या सासरच्या शोकेसमध्ये गेली.

मी दुसरी केली नाही.

ती भेट नव्हती, ती उसनी दिली होती. नचिकेतने ती परत आणावी. कोणी हरकत घेतल्यास सुकाणू पूर्ण डावीकडे वळवावे. मागच्या टोकाचे झाकण उचलले जाते. आत बिजागरीच्या पट्टीवर माझे नाव कोरलेले आहे. आणल्यावर गुराब बाबांकडे राहावी, आणि बेबीआत्याने ती पाहायला येऊ नये.

५. लेथ आणि ड्रिल माझ्या तंत्रनिकेतनातील मुलींच्या तुकडीला. बारीक कानशींचे काय करायचे ते ठरले नाही.

इथपर्यंत मी दोन तारखेला लिहिले होते. पुढील मजकूर आज, सोळा तारखेला. वरचे काही खोडलेले नाही.

६. नऊ तारखेला संहिता आली. तिच्या नणंदेचे लग्न ठरले आहे. सासूबाईंनी तिला सांगितले होते, "सूनबाई, हिच्या रुखवतातही तुझ्या हातचं एक जहाज पाहिजे हं." संहिता बाल्कनीच्या दारात उभी राहून म्हणाली, "ताई, प्लीज, एक छोटंसं बनवून दे ना. नाहीतर माझी तिथे पूरी वाट लागेल."

मी चोवीस तारखेबद्दल सांगितले. तिला माहीत नव्हते. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "धूळ पुसताना एकदा सुकाणू वळलं होतं. मी नाव वाचलंय तुझं. तेव्हापासून शोकेसची किल्ली मी कोणालाच देत नाही."

मी विचारले, "मग आता काय करणार आहेस?"

ती उठून बेटम्याला परत गेली. काल गुराब मांडीवर घेऊन गाडीतून आली. सासरी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर तिने सुकाणू डावीकडे वळवले होते. सासूबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. सासरे चष्मा पुसून नाव तीनदा वाचून म्हणाले, "मग या शलाकाजींना आपण कधी जेवायलाच नाही बोलावलं?" बेबीआत्याने फोनवर संहिताला सांगितले, की तिने माहेरचे नाक कापले. संहिता म्हणाली, "आई, कार्ड तू लिहिलं होतंस."

नांगराची कडी निखळली होती. मी नवी केली, संहिता बघत होती. मग तिने एक पितळी पट्टी मागून घेतली.

७. म्हणून कलम ४ मधील शेवटचे दोन आदेश बदलत आहे. माझ्या पश्चात गुराब संहिताची. ती बेटम्याच्या शोकेसमध्येच राहावी, पुढे संहिताने काल कापून कोरलेली पाटी लावून. बारीक कानशीही तिलाच. उलट्या धरते, पण सोडत नाही. बेबीआत्याने पाहायला यावे. पाटी मोठ्याने वाचावी.

८. मी चोवीस तारखेनंतर घरी आले, तर हे सर्व रद्द समजावे, कलम ७ वगळून. ते मी स्वतः बेटम्याला जाऊन, जेवून, अमलात आणीन. नणंदेच्या रुखवतासाठी संहिताने स्वतः एक होडी करावी. साधी चालेल. मी फक्त बघेन.

पाटीवरचा मजकूर इथे उतरवते, म्हणजे पुढे वाद नको. अक्षरे डावीकडे झुकली आहेत. मी ती सरळ केलेली नाहीत.

"गुराब: शलाका कानडे. पाटी: संहिता."

वरील मजकूर मी वाचून, समजून सही करीत आहे.

(सही) शलाका श्रीपाद कानडे

आम्हा दोघांसमोर तिने सही केली आणि तिच्यासमोर आम्ही केली. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकिलांनी सांगितल्याने आम्हाला काही मिळालेले नाही.

१. (सही) डॉ. इरावती लेले, दंतवैद्य, शेजारी. माझ्या दवाखान्यातली झिजलेली ड्रिलची टोके या जहाजांच्या कामी आली आहेत.
२. (सही) उदयसिंह चौहान, टर्नर, पोलोग्राउंड

स्थळ: राजेंद्र नगर, इंदूर
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५